काम बोलतं, पण नाव घेत नाही

पर्वरी,
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तू मोठ्याने वाच. फोनवर बाबा ‘हां, हां’ म्हणतात आणि त्यातलं निम्मं त्यांना ऐकू आलेलं नसतं, हे मला कळतं. सावईवेऱ्याला येते तेव्हा तुमची नात, शेजारची माणसं, जेवणखाण यातच दिवस सरतो. आणि काही गोष्टी समोर बसून सांगायला जीभ रेटत नाही. पुण्याला नोकरी लागली तेव्हा पहिलं वर्षभर मी पत्रं लिहायचे, ती बाबांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. हेही त्यातच ठेवा.

गेल्या शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी पणजीला पाटोवर होते. घाईत ‘नेटवर्किंगला आलेय’ म्हणाले. तू विचारलंस, ‘म्हणजे किते गो?’ आणि मी ‘मागीर सांगते’ म्हणून फोन ठेवला.

गोव्यात सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानात काम करणाऱ्या बायकांची ती बैठक होती. चाळीसेक जणी जमल्या होत्या. पाऊस असा की खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती, तरी काणकोणहून दोघी आल्या होत्या. बोलणाऱ्या तिघी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई मूळच्या कुडचड्याच्या, साठीच्या आसपासच्या. बेंगळुरूला तीस वर्षं काढली, शेवटी दीडशे इंजिनिअरांचा विभाग सांभाळला आणि आता गावी परतल्या आहेत. भाषण सुरू करायच्या आधीच त्यांनी आम्हाला एक काम दिलं: शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला दोन वाक्यांत सांगायचं, तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं?

माझ्या शेजारी डिचोलीची एक मुलगी होती, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. मी म्हणाले, ‘आमच्या टीमने एका बँकेचे व्यवहार नव्या सिस्टीमवर नेले.’ ती म्हणाली, ‘बरं. त्यात तुम्ही काय केलंत?’ मी पुन्हा ‘आम्ही’नेच सुरुवात केली. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, अगदी सरळ मनाने, आणि मला पुढचा शब्द सुचेना.

ते काम मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. पुण्यातल्या कंपनीत असतानाचं आहे. रात्री अडीचच्या सुमारास काही खात्यांत रकमा दोनदा जमा होताना दिसल्या. एक संगणक दुसऱ्याला ‘एवढे पैसे जमा कर’ असा निरोप पाठवायचा. पोच वेळेत आली नाही की तोच निरोप पुन्हा पाठवायचा, आणि पलीकडचा दोन्ही खरे मानायचा. बाबा, मनीऑर्डरच्या पावतीवर नंबर असतो ना, तसा प्रत्येक व्यवहाराला एक नंबर द्यायचा. तो नंबर आधी येऊन गेला असेल तर पैसे पुन्हा जमा करायचे नाहीत. उपाय साधा, पण बँक उघडायच्या आत तो बसवायचा, तपासायचा आणि दोनदा पडलेली एकेक नोंद उलटवायची होती. ते मी केलं. सकाळी सातला खाली टपरीवर चहा घेतला तेव्हा हात थरथरत होते.

सोमवारी मोठ्या साहेबांपुढे ते सगळं एका सहकाऱ्याने मांडलं. आकृत्या माझ्या, नोंदी माझ्या. तो खोटं काही बोलला नाही, ‘आम्ही’च म्हणाला. मी शेवटच्या रांगेत गप्प बसले. दिवाळीनंतर बढती त्याची झाली. तो ‘आम्ही’ म्हणाला की लोकांना तो दिसायचा. मी ‘आम्ही’ म्हणाले की मी दिसेनाशी व्हायचे.

गप्प बसले, कारण तुमचे शब्द मनात होते, बाबा. ‘मान खाली घालून काम कर. काम बोलतं.’ तुम्ही आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलंत, बदलीसाठी कोणाच्या पायऱ्या झिजवल्या नाहीत. त्या शब्दांवर मी वाढले. आजही ते मला खरे वाटतात, पण अर्धेच.

कुडचड्याच्या त्या बाईंनी एनिॲकची गोष्ट सांगितली. १९४६ साली फिलाडेल्फियाला हा संगणक लोकांपुढे आणला. खोली भरेल एवढं यंत्र, आत सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब. तोफगोळा कुठे पडेल याचं गणित तो गोळा जमिनीवर पडायच्या आत हे यंत्र करून दाखवायचं. ते गणित यंत्रात बसवलं सहा तरुणींनी. शिकायला पुस्तक नव्हतं, यंत्राचे नकाशे वाचून कुठली केबल कुठे जोडायची आणि कुठली कळ कशी फिरवायची हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. कार्यक्रम गाजला. रात्रीच्या मेजवानीला त्या सहा जणींना बोलावणंच नव्हतं. फोटोंत त्या होत्या, पण खाली त्यांची नावं नव्हती. त्यांचं काम लोकांसमोर यायला चाळीस-पन्नास वर्षं गेली. मी नावं उतरवून घेतली: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास, रूथ लिक्टरमन.

काम बोललं, बाबा. साऱ्या जगाने ऐकलं. पण कामाने नाव घेतलं नाही. नाव माणसालाच घ्यावं लागतं. त्या बाई म्हणाल्या, सल्ला देणारी माणसं नोकरीत पावलोपावली भेटतात. आपण हजर नसतो त्या बैठकीत आपलं नाव घेणारं माणूस मिळायला कठीण. आणि मोठं काम कोणाला द्यायचं हे नेमकं अशाच बैठकीत ठरतं.

इथे तुम्ही म्हणणार, हा तर वशिला झाला. मला ठाऊक आहे. २००९ साली मी फर्मागुडीहून इंजिनिअर होऊन बाहेर पडले. मंदीचं वर्ष होतं, नोकऱ्या नव्हत्या. आपल्या वसरीवर एक गृहस्थ येऊन बसले होते. म्हणाले, ‘मास्तर, पोरीचा अर्ज द्या, वर शब्द टाकतो.’ तुम्ही त्यांना चहा दिलात, अर्ज दिला नाहीत. मी दाराआड उभी होते. त्या दिवसाएवढा अभिमान मला तुमचा क्वचितच वाटला असेल. पण त्या दिवसापासून ओळख आणि वशिला मी एकाच पोत्यात भरले. पुण्याची बारा वर्षं कोणाकडे काही विचारायला गेले नाही, कोणाच्या नजरेत यावं म्हणून थांबले नाही. काम संपलं की घर.

आता तुम्हाला एक विचारते. मद्रासला गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ए. ललिता नावाची मुलगी शिकली. अठराव्या वर्षी वैधव्य आलेलं, पदरात चार महिन्यांची लेक. तिचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांपाशी शब्द टाकला आणि तिला प्रवेश मिळाला. मुलींनी तिथे शिकायची तोवर पद्धतच नव्हती. १९४३ साली ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली. इंग्रजी प्रमाणपत्रावर ‘तो’ असं छापलेलं होतं, ते खोडून ‘ती’ करावं लागलं! पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामात तिचा हात होता. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री-इंजिनिअरांची आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिलाही ती गेली. बाबा, तिच्या वडिलांनी टाकलेला शब्द वशिला होता का? मला नाही वाटत. अभ्यास तिने केला, परीक्षा तिने दिली. बाहेर कोण उभं आहे, एवढंच वडिलांनी आतल्या माणसाला सांगितलं. लायक नसलेल्याला आत ढकलणं आणि लायक माणसाचं नाव घेणं या दोन गोष्टी मी इतकी वर्षं एकच समजत होते.

तुम्ही मला सहावीत कमला सोहोनींची गोष्ट सांगितली होती. १९३३ साली बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नाकारलं. त्या हटल्या नाहीत, वर्षभराच्या अटीवर आत गेल्या आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. मी त्यातलं ‘हटल्या नाहीत’ एवढंच धरून ठेवलं. त्यांचं काम पाहून रामन यांनी पुढच्या मुलींना प्रवेश दिला, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं असणार. माझ्या ध्यानात राहिलं नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ती पुरी करून २०१८च्या सप्टेंबरात मी कामावर रुजू झाले, त्याच आठवड्यात गणपतीची चवथ होती. तू घरची चवथ सोडून पुण्याला राहिलीस. बाबा इकडे एकटे गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधत होते आणि तू नातीला मांडीवर घेऊन फोनवर सांगत होतीस, सुपारीचं शिपटं उजवीकडे, नारळ त्याच्या बाजूला. फोन ठेवल्यावर तू पदर डोळ्यांना लावलास. मी चपला घालत होते. पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून निघून गेले.

ऑफिसात गेले तर माझं काम दुसऱ्याकडे गेलेलं. ‘आता तुम्हाला लहान मूल आहे, थोडे दिवस हलकं काम घ्या,’ असं म्हणाले. हलकं काम मी मागितलं नव्हतं. ते थोडे दिवस दीड वर्ष चालले. तुला सांगितलं नाही. तू चवथ सोडून माझं मूल सांभाळत होतीस, आणि मी तिकडे दुसऱ्यांचे अहवाल तपासतेय, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?

शनिवारी हे मी पहिल्यांदा उघड बोलले. बोलताना आवाज फुटला. पुष्कळ जणींच्या माना हलत होत्या. मडगावच्या एकीने लगेच सांगितलं, रजेवर जायच्या आधी साहेबांशी बोलून घ्यायचं की परत आल्यावर कुठलं काम माझं, आणि त्याच दिवशी ते मेलवर लिहून पाठवायचं. एवढीशी गोष्ट. मला तेव्हा कोणी सांगितली असती तर! पुढच्या रांगेत सातव्या महिन्यातली एक मुलगी होती, ती भराभर लिहून घेत होती.

नेटवर्किंग म्हणजे किते, हे तू विचारलं होतंस ना. चवथीच्या आधी तू आपल्या कुळागरातली शिपटी चार घरी पाठवतेस आणि डोंगराकडच्या घरांतून आपल्याकडे कांगलां, घागऱ्या, आंबाडे येतात. एका घरच्या जिनसांनी माटोळी भरत नाही. हिशेब कोणी ठेवत नाही, पण कोणाच्या घरी काय पिकतं हे तुला तोंडपाठ असतं. शनिवारी आम्ही तेच केलं. डिचोलीच्या त्या मुलीला व्यवहारांच्या नंबरांचं काम शिकायचंय, ते मी शिकवणार. काणकोणच्या दोघींना घरून करता येईल असं काम हवंय, त्यांची नावं मी आमच्या कंपनीत दिली. आणि कुडचड्याच्या बाईंनी माझा नंबर स्वतःहून मागून घेतला.

बाकी पगार कसा मागायचा, मुलाखतीत काय बोलायचं असं बरंच झालं, ते इथे लिहीत नाही. एक मात्र बाबांना आवडेल. दर शुक्रवारी त्या आठवड्यात आपण काय केलं ते पाच ओळींत वहीत लिहायचं. वर्षाअखेरीला साहेबांपुढे बसताना ती वही हातात. पाडेली येऊन गेला की तुम्ही नारळ मोजून वहीत मांडता, कुठल्या माडाला किती, तशीच. मी परवा पहिलं पान लिहिलं. ‘मी’ने सुरू होणारी पाच वाक्यं लिहायला मला पाऊण तास लागला.

आता बातमी. आमच्या कंपनीत गोव्याच्या पूर्ण विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली आहे. मी अर्ज केलाय. सोमवारी आमच्या वरिष्ठ बाईंकडे जाऊन सांगितलं, की मला ही जागा हवी आहे आणि बैठकीत तुम्ही माझं नाव घ्यावं. बाबा, बोलताना तुमचा चेहरा डोळ्यांपुढे होता. तरी बोलले. निकाल चवथीनंतर लागेल. मिळाली तर रविवारचं येणं कधी चुकेल, ते आधीच सांगून ठेवते.

आणि एक मागणं आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फर्मागुडीच्या कॉलेजातल्या आणि नुकत्या नोकरीला लागलेल्या फोंड्याकडच्या आठ-दहा मुलींना बोलवावं असं मनात आहे. त्यांना पणजी लांब पडते, संध्याकाळी परतीची बस मिळत नाही. आपली वसरी मिळेल का? बाबा, तुम्हीही बसा. कमला सोहोनींची गोष्ट तुम्ही सांगता तशी मला सांगता येत नाही. आई, जेवणाचा घाट घालू नकोस, चहा आणि मुगाची उसळ पुरे.

गुरुवारी बाबांच्या कानाच्या मशीनसाठी फोंड्याला जायचंय, सकाळी साडेनऊला गाडी घेऊन येते. जुने रिपोर्ट कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत, ते काढून ठेव. पत्राचं उत्तर बाबांनी द्यावं. वसरीचं आणि ललिताच्या वडिलांचं, दोन्हींचं.

तुमची,
बाय