मामा तलावांच्या मुलखातून

नागपूर,
दि. २२ डिसेंबर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. चार दिवसांची रजा काढून एखाद्या निवांत तळ्याकाठी जावे, थोडे पायी हिंडावे, थोडी सायकल चालवावी आणि जमल्यास गळ टाकून बसावे, असा तुझा बेत आहे, आणि त्यासाठी नैनीताल बरे की उदयपूर, असे तू विचारले आहेस. मी तुला दोन्हीकडे जाऊ देणार नाही. गेल्याच आठवड्यात मी नेमके हेच तीन उद्योग करून गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून परतलो आहे. पुण्याहून निघणाऱ्या माणसाने तळी पाहण्यासाठी आधी विदर्भाची वाट धरावी, हे म्हणणे तुला चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवेगाव बांधच्या वाटेवर ‘मामा तलाव’ हा शब्द मी प्रथम ऐकला, तेव्हा कुणा हौशी मामाने भाच्यांसाठी तो बांधला असावा, असे मला खरोखरच वाटले होते. ‘माजी मालगुजारी’, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले, या सरकारी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, हे कळल्यावर माझेच मला हसू आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. यांतले एकही तळे निसर्गाने आयते दिलेले नाही. दोन टेकड्यांमधली उथळ खोलगट जागा हेरायची, तिच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची, पाळीच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, काढायच्या, आणि वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावाला मिळेल अशी साखळी जुळवायची, ही सारी मनुष्याची करणी आहे. तिचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला दिले जाते. गोंड राजाने त्यांना काशीकडून आणवले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पाण्याची उतरंड डोळ्यांनी मोजणारी माणसे ती होती, हे पाळीवर उभे राहिले की पटते.

नवेगावचा तलाव या सर्वांत विख्यात. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा हा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. भोवतीच्या सात डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींच्या साहाय्यानेच पाळ उभी राहिली, असे गावकरी मानतात, आणि खुद्द कोलू पाटील ‘कोलासूर’ या नावाने देवपदाला पोहोचले आहेत. पाटबंधारे बांधणाऱ्या माणसाचा देव झाल्याचे उदाहरण आपल्याकडे फारसे नाही. आजकालच्या कंत्राटदारांची या बाबतीत काय गत होईल, याचा विचार मी पाळीवरच सोडून दिला.

पायी हिंडायचे ते पहाटे, आणि पाळीवरूनच. एका हाताला पाणी, त्यावर कापसासारखे धुके, मधोमध मालडोंगरीचे बेट हळूहळू उघडे पडत जाणारे. दुसऱ्या हाताला धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या आणि त्यांत चरणारी गुरे. उजाडू लागले की आधी पाण्यावरून आवाज येतात आणि मागाहून पक्षी दिसतात. तलवार बदके, लालसरी, चक्रवाक ही मंडळी हिवाळ्याला येतात आणि पाळीपासून दूर, तलावाच्या वरच्या अंगाला राहतात. असे का, हे मला तिथे उमगले. पाळीपाशी पाणी खोल असते; वरच्या अंगाला ते गुडघाभर होत होत जमिनीत विरून जाते, आणि त्या उथळ भागात कमळे, देवधान व नाना जातींचे पाणगवत वाढते. पक्ष्यांचे ताट तिथे मांडलेले असते, आणि माशांचे बाळंतघरही तिथेच. मागच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि २०१३ मध्ये नागझिरा अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला असल्याने तिकडे पायी शिरता येत नाही. ते बरेच आहे, कारण त्यामुळे मनुष्य तलावाकडे लक्ष देतो. इतर पर्यटक वाघ न दिसल्याची तक्रार करत परतत होते, तेव्हा मी पाणकावळ्यांना पंख वाळवताना पाहून तृप्त होतो.

सायकलीचा दिवस मी इटियाडोहसाठी राखला होता. नवेगावहून अर्जुनीवरून गाढवी नदीवरच्या त्या धरणाकडे जाणारा रस्ता बहुतेक सपाट आहे, आणि वाटेत दर गावाला एक तलाव किंवा निदान एक बोडी, म्हणजे लहान तळे, भेटतेच. मुख्य रस्ता सोडून नहराच्या काठाने जाण्याचा शहाणपणा मी केला आणि अर्ध्या तासात बाभळीच्या काट्याने चाक बसवले. जवळच्या गावातल्या दुकानदाराने पंक्चर काढताना एक काटा दाखवला, मग दुसरा, मग तिसरा, आणि तिन्ही माझ्या तळहातावर पावतीसारखे ठेवले. इटियाडोह हे आधुनिक आणि अफाट धरण आहे. ते पाहून डोळे निवतात, पण मामा तलावाची जवळीक त्याला नाही. तिथे जाण्याचे खरे कारण वेगळेच आहे. जवळच १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. धानाच्या बांध्यांच्या पलीकडे एकाएकी रंगीत प्रार्थना-पताका फडफडताना दिसतात, तेव्हा सायकलवरून उतरावेच लागते. वसाहत सुनी वाटली, म्हणून विचारले, तर कर्ती माणसे हिवाळाभर शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली. कॉलेजात असताना आपण दोघांनी नागपूरच्या सीताबर्डीवर घासाघीस करून घेतलेले ते मरून स्वेटर तुला आठवतात ना? त्या विक्रेत्या बाई कुठून येतात, हे विचारण्याचे आपल्याला तेव्हा सुचले नव्हते.

आता मासेमारी. तुझा सगळा जीव तिच्यात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. संरक्षित वनाच्या हद्दीत गळ टाकण्याचा विचारही नको. मी एका लहान गावाच्या तलावावर गेलो, पाळीवर बसलो आणि गळाला गांडूळ लावू लागलो. तेवढ्यात डोंग्यातून मासेमार ढिवर समाजातले एक वयस्कर गृहस्थ आले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “हा तलाव संस्थेचा होय जी. गरी टाकाची असन तं पहिले इचारा.” मी ओशाळलो. तलावातला मासा कुणाचाही नसतो, असा माझा शहरी समज होता. प्रत्यक्षात या तलावांतल्या मासेमारीचे ठेके ढिवरांच्या सहकारी संस्था घेतात, पैसे भरून मत्स्यबीज विकत आणतात, बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडतात आणि तिची राखण करतात. रोहू, कातला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात खरे, पण अंडी घालायला त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून दरवर्षी बीज सोडल्यावाचून गत्यंतर नाही. मी ज्याला विरंगुळा म्हणत होतो, तो कुणाच्या तरी वर्षभराच्या हिशेबातला मासा होता.

मी रीतसर विचारले, माफक पैसे दिले, आणि मग त्याच काकांनी मला दोन तास शेजारी बसवून घेतले. मरळ या माशाविषयी ते घरच्या माणसासारखे बोलत होते. तो बाहेरून आणावा लागत नाही, इथल्या गवतातच वाढतो. पावसाळ्यात त्याची नारिंगी पिल्ले पाण्यावर एका गोळ्याने फिरतात आणि नर-मादी खालून पहारा देतात. त्या दिवसांत मरळीवर गरी टाकणे त्यांच्या लेखी पाप आहे. पण गवतच राहिले नाही तर मरळ कुठे राहील? काठावर चहूकडे बेशरम नावाचे तण माजले आहे, तळात गाळ भरला आहे. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. ती गेली हे चांगलेच झाले, कारण पाळीवरची कितीतरी माती वेठीने वाहिलेली होती. मात्र तिच्याबरोबर दर उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकण्याचा आणि पाळीला भर घालण्याचा शिरस्ताही पुष्कळ ठिकाणी गेला, आणि त्याची जागा कागदांनी घेतली. अलीकडे काही गावांत ढिवर स्त्री-पुरुषांनी स्वतः बेशरम उपटून, तलावाच्या तळात देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. काका ज्या जागेकडे बोट दाखवत होते, ती तशीच लावलेली होती. मला तिथे फक्त हिरवा गाळ दिसत होता. त्यांना पुढच्या पावसाळ्यातली पिल्ले दिसत असावीत.

मला एकही मासा मिळाला नाही. त्यांना मिळाले, त्यांतला एक मासा मूठभर दाडक मासळीसह त्यांनी माझ्या पिशवीत घातला, आणि मुक्कामाच्या घरी त्याचा तिखटजाळ रस्सा व धानाच्या नव्या तांदळाचा भात असे जेवण झाले. त्याचे वर्णन मी मुद्दाम करत नाही.

परतताना गोंदियाला एक रात्र थांबलो, ती सारसांसाठी. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरले आहेत. दिवस मावळताना एक जोडी बांध्यांवरून आली आणि तलावाच्या उथळ कडेला उतरली. तो पक्षी जवळजवळ आपल्या उंचीचा असतो हे मला ठाऊक होते, तरी उतरताना पाहून मी दोन पावले मागे सरलो. पावसाळ्यात उभ्या धानात ही जोडी घरटे करते, म्हणजे शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडून दिला तरच पिल्ले जगतात. आणि इथले पुष्कळ शेतकरी तो सोडतात.

तेव्हा असे कर. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये पुण्याला बस आणि थेट शेवटच्या स्थानकावर, गोंदियाला, उतर. तिथून बल्लारशाच्या गाडीने देवलगाव, की नवेगाव हाकेच्या अंतरावर. मी नागपूरला तुझ्याच डब्यात चढेन. सायकल आणू नकोस, त्यांची सोय मी करतो. मात्र पंक्चरचे सामान आण आणि गरम कपडे विसरू नकोस, कारण पहाटे पाळीवर बोटे आखडतात. जानेवारीत झाडीपट्टीतली, म्हणजे या पूर्व विदर्भातली, नाटके ऐन रंगात असतात, त्यामुळे एक रात्र जागरणासाठी मोकळी ठेव. तुझा तो परदेशी रीळ लावलेला महागडा गळ खुशाल आण. काकांना तो पाहून फार करमणूक होईल. तारीख नक्की झाली की लगेच कळव, म्हणजे मी संस्थेकडे दोन गऱ्यांसाठी आधीच विचारून ठेवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती