हॉलमधला सोफा शनिवारी जातोय

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हॉलमधला सोफा मी देऊन टाकलाय. आधी विचारलं असतं तर बाबा "दिवाळीनंतर बघू" म्हणाले असते, आणि कुठली दिवाळी ते सांगितलं नसतं. तो आत्याकडून कसा आला ते माझ्या लक्षात आहे. पण बाबा, तुम्ही त्यात रुतून बसता, मान खाली मोबाइलमध्ये. डोकंच साडेचार-पाच किलोचं, ते जितकं पुढे झुकेल तितका मानेवर ताण. पोट दुमडलेलं, म्हणून जेवल्यावर आंबट ढेकर येतात आणि खापर मिसळीवर फुटतं. (थोडं तिच्यावरही फुटू दे.) प्रेसमध्ये इतकी वर्षं वाकून काम केलंत, आता पाठ टेका.

बदल्यात हातांच्या दोन लाकडी खुर्च्या येतायत. उठताना हातांवर जोर देता येतो. आईचे पाय टेकले नाहीत तर खाली पाट ठेवा. टीव्ही तिथूनही नीट दिसतो. झोपाळ्याला कुणी हात लावणार नाही. आणि ताठ पुतळ्यासारखं बसा असं म्हणत नाहीये. कितीही चांगलं बसलं तरी तासन्‌तास वाईटच. अर्ध्या तासाने उठायचं, संध्याकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर जायचं.

आई, गणपतीत तू परकराचा नेफा दुमडत होतीस. परकर वाढत नाहीत गं. वयाने मणक्यांमधल्या चकत्या सुकतात, थोडी उंची कमी होतेच. पण पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, कधी मणका न दुखताही दबतो. तसं नाही ना, एवढंच बघायचंय. डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीची, वेळ घेतलीये. सुई नाही, नुसतं पडून राहायचं. तोवर योगाच्या वर्गात पश्चिमोत्तानासन आणि पुढे वाकायचं सगळं बंद. बाईंना माझं नाव सांग.

रामरथ बघायला मी बाबांच्या खांद्यावर असायचे, अख्ख्या पंचवटीत सगळ्यांत उंच. व्हिडिओ कॉलवर तेच खांदे पुढे आलेले दिसले, म्हणून ही घाई. म्हातारे दिसता असं नाही म्हणत.

टेम्पोवाला शनिवारी अकराला येईल. गाद्यांखाली बाबांची किल्ली, सुपारी, काय असेल ते काढून ठेवा. सोफा तुम्ही उचलू नका, त्याच्यासोबत माणूस आहे. पैसे दिलेत, चहा फक्त द्या.

तुमची,
ताई