करवत थांबवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

डॅलसजवळच्या या घरात आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच फेब्रुवारीत मी अंगणातल्या क्रेप मर्टल या फुलझाडाला करवत लावायला निघाले होते आणि आपण कुंपणापलीकडून ‘अगं, थांब!’ म्हणालात. त्याला आता चार वर्षे झाली. या जुलैत ते झाड पांढऱ्या तुऱ्यांनी असे भरून आले आहे, की आपले आभार लेखी मानल्यावाचून राहवत नाही.

‘छाटले नाही तर फुलणार नाही,’ असे बागकाम करणाऱ्या माणसाने मला ठामपणे सांगितले होते. घराच्या आधीच्या मालकांनी दरवर्षी शेंडे उडवल्यामुळे प्रत्येक फांदीच्या टोकाला मुठीएवढी गाठ झाली होती. फुले नव्या फुटीवर येतात हे खरे, पण ती फूट झाड आपणहून काढते. शेंडा उडवला की गाठीतून छडीसारख्या डझनभर कमकुवत काड्या निघतात आणि पावसाने भिजलेल्या तुऱ्यांच्या भाराने लोंबू लागतात, हे आपण त्या गाठींवर बोट ठेवून समजावलेत. अशा छाटणीला इकडे ‘क्रेप मर्डर’ म्हणतात हे ऐकून मला हसू आले, आणि थोडी लाजही वाटली.

त्यानंतर प्रत्येक गाठीवरच्या दोनच जोमदार, बाहेर वळणाऱ्या फुटी ठेवायच्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि बुंध्याशी येणारे फुटवे काढायचे, हे आपण दोन हिवाळे शेजारी उभे राहून करून घेतलेत. लॉनच्या गवताला घालायचे खत झाडाच्या बुंध्याशी पडू देऊ नकोस, नायट्रोजन जास्त झाला की पानेच माजतात, हेही आपलेच सांगणे. खिडकीखालच्या जागेसाठी मी याच झाडाच्या ‘नॅचेझ’ जातीचे आणखी एक रोप आणणार होते. वीस फुटांच्या पुढे जाणारे झाड दरवर्षी कापत बसण्याऐवजी दहा फुटांच्या आसपास थांबणारी ‘अकोमा’ ही जात लाव, असे सुचवून आपण माझी पुढची करवतही वाचवलीत.

तिसऱ्या हिवाळ्यात खोडावर पांढरा थर दिसला, तेव्हा मी तो भुरी या बुरशीचा समजले होते. आपण एक ठिपका नखाने चिरडलात, गुलाबी रस निघाला आणि ही खवले कीड असल्याचे कळले. अमेरिकेत ती पहिल्यांदा २००४ मध्ये आपल्या शेजारच्या रिचर्डसन शहरातच आढळली होती. किडीमुळे येणाऱ्या काजळी बुरशीने काळे पडलेले ते खोड भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने घासताना आपण गुडघेदुखी विसरून माझ्याबरोबर तासभर बसलात, हे मी विसरलेले नाही. (काकूंनी त्यावरून आपल्याला काय ऐकवले, तेही कानावर आले आहे.)

त्याच दिवशी, सोललेल्या सालीखालचा दालचिनी रंग दाखवत, हे आपल्या ताम्हणाचे आणि सह्याद्रीतल्या ‘नाणा’ या झाडाचे भावंड असल्याचे आपण म्हणालात. इतकी वर्षे मी याला परके झाड समजत होते. आता आईला फोनवर सांगताना मीही ‘आमचे ताम्हण’ असेच म्हणते.

आता जुन्या गाठी नव्या लाकडात जवळजवळ झाकल्या गेल्या आहेत, फक्त रस्त्याकडच्या दोन अजून दिसतात. त्यांचे काय करायचे, ते पाहायला फेब्रुवारीत आपण आणि काकूंनी चहाला जरूर यावे.

आपली कृतज्ञ,
शेजारची सूनबाई