क्षमा कोणी कोणाकडे मागायची?

माननीय संपादक,
स. न.

कालच्या अंकातला ख्रिस्ती शिक्षकांवरचा लेख दोनदा वाचला. आवडला म्हणून नव्हे, राग नेमका कशाचा आला ते पहिल्या वाचनात कळेना म्हणून. लेखकमहाशयांनी ख्रिस्ती शिक्षकाला पार मेणबत्त्यांच्या उजेडात नेऊन बसवले आहे. हसतमुख, सोशिक, पोरांनी काहीही केले तरी क्षमा करणारा. मी २९ वर्षे गणित शिकवले, त्यातली बरीचशी वर्षे रविवारी संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्गही घेतला. असा शिक्षक मला भेटला नाही. आरशात तर नाहीच.

सातवीच्या एका चाचणीत एका मुलाच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. मी काही विचारलेच नाही. पेपर ओढून घेतला, सगळ्यांदेखत त्याला चोर म्हटले आणि वर्गाबाहेर उभे केले. शनिवारी उरलेले पेपर तपासायला घेतले, तर मागच्या बाकावरच्या मुलाने तिसऱ्या गणितात उणे चिन्ह गाळले होते. चिठ्ठीतही नेमके तेच गाळलेले. अक्षरही त्याचेच निघाले. त्या दिवशी ते बघायची मला गरज वाटली नव्हती.

त्याच रात्री रविवारच्या धड्याची तयारी करायची होती. बायबलमधले मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय पाचवा. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हा भाग मी कितीदा तरी शिकवला होता. पण तो 'भाऊ' शर्टाच्या बाहीला नाक पुसणारा बारा वर्षांचा पोरगाही असू शकतो, हे तोवर डोक्यातच आले नव्हते.

सोमवारी त्याला बाजूला घेऊन सांगू, असे आधी ठरवले. मग वाटले, चोर म्हटले भरल्या वर्गात आणि माफी व्हरांड्यात? तास सुरू झाल्यावर म्हणाले, "मी चुकले. याने कॉपी केली नव्हती." हातातला खडू मोडला एवढे आठवते. मुलगा उठला, "हो बाई" म्हणाला आणि खाली बसला. संपले. ना डोळ्यांत पाणी, ना टाळ्या. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तुमच्या लेखात तो बहुधा माझ्या गळ्यात पडला असता!

मुख्याध्यापकांनी दुपारी बोलावून घेतले. तेही ख्रिस्तीच, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. "बाई, शिक्षकाने माफी मागितली की वर्ग हाताबाहेर जातो." गेला नाही. उलट पुढच्या आठवड्यात फळ्यावर माझी बेरीज चुकली तेव्हा तीन हात वर झाले. एरवी सगळे मुकाट्याने चूक उतरवून घ्यायचे.

लेखात शिक्षकांचे आश्रयदाते संत ला साल यांच्या त्यागाचे कौतुक आहे, पण तो घडला कसा ते गाळले आहे. ला साल श्रीमंत घरचे, फ्रान्समधल्या रँसच्या कॅथेड्रलचे कॅनन, म्हणजे तिथले मानाचे धर्मगुरू. पोटाची चिंता देवावर सोडा, असे आपल्या शाळांतल्या गरीब शिक्षकांना सांगत. शिक्षकांनीच त्यांना सुनावले की तुमच्यापाशी इस्टेट आहे, पद आहे. शाळा बुडाल्या तर आम्ही कुठे जायचे? १६८३ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि पुढे दुष्काळात आपली संपत्ती वाटून टाकली. हाताखालच्यांनी कान धरला आणि त्यांनी तो धरू दिला, हे छापले असते तर मला पत्र लिहावे लागले नसते.

जाता जाता, 'ख्रिस्ती शिक्षक मुळातच सेवाभावी' हे वाक्यही कृपा करून पुन्हा छापू नका. याच वाक्याच्या जोरावर सुट्टीतले जादा तास आणि आजारी सहकाऱ्यांची पर्यवेक्षणे वर्षानुवर्षे माझ्या गळ्यात पडली. "बाई, तुमचे तर हे मिशनच!" मिशन माझे, घरी जाऊन चहा त्यांचा.

आणि पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, हा इशारा लेखात म्हटल्याप्रमाणे पौलाचा नव्हे. तो बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला आहे, तिसऱ्या अध्यायाच्या अगदी सुरुवातीला. दुरुस्ती छापणार असाल तर लेख ज्या पानावर होता तिथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. कोपऱ्यात नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका