साथीला बसणाऱ्या लेकीस

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुम्ही चौघं मिळून स्वतःचा अल्बम करायच्या विचारात आहात आणि ज्यांच्या मागं वाजवता त्या सरांपुढं विषय कसा काढावा या चिंतेत आहात, एवढं फोनवर कळलं आणि फोन कटला. वावरात रेंज नाही, अन् रात्री तुझा कार्यक्रम असतो. म्हणून लिहायलाच बसलो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. करा. आणि सरांकडचं काम न सोडता करा. काहून, ते सांगतो.

मागच्या पोळ्याला तू माझ्या मोबाइलात ‘द बँड’ नावाच्या पाच जणांच्या टोळीची इंग्रजी गाणी भरून दिली होतीस. त्यातला ड्रम वाजवणारा कापसाच्या वावरातला आहे, असं तू जाता जाता म्हणालीस, तेव्हापासून तो माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही. तुझ्या भावाला बसवून त्याच्याबद्दल जे मिळालं ते वाचून घेतलं. लेव्हॉन हेल्म अर्कान्सा राज्यातला. मार्व्हेल गावाजवळच्या टर्की स्क्रॅच या वस्तीत त्याचे आईबाप कापूस पिकवायचे. बाकीचे चौघं, रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन, कॅनडाचे. बॉब डिलननं १९६५ मध्ये त्यांना आपल्या दौऱ्यावर घेतलं. डिलन म्हणजे ज्याला पुढं २०१६ मध्ये गाण्यांसाठी साहित्याचं नोबेल मिळालं तो. त्या दौऱ्यापर्यंत तो बहुतेक एकटाच गिटार घेऊन गायचा आणि लोकांना तेच पाहिजे होतं. मागं विजेवरच्या गिटारी अन् ड्रम आलेले पाहून लोक बिथरले. गावोगाव हुर्यो उडायला लागली. लेव्हॉनला ते सोसलं नाही. वर्ष संपायच्या आत तो निघून गेला आणि मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या रिगवर कामाला लागला.

साथीदाराच्या वाट्याला टाळी उसनी येते, हे सगळेच बोलतात. हुर्योही उसनीच येते, आणि ती टाळीपेक्षा जास्त दिवस कानात राहते. तुझ्या पहिल्या वर्षी नांदेडकडच्या त्या कार्यक्रमानंतर तू रात्री बाराला फोन केला होतास, तेव्हा मला हे कळलं.

१९६६ च्या जुलैत डिलनचा मोटारसायकलवर अपघात झाला आणि दौरे बंद पडले. पुढच्या वर्षी यातल्या काही जणांनी न्यूयॉर्क राज्यात, वेस्ट सॉगर्टीजला, गुलाबी रंगाचं एक घर भाड्यानं घेतलं. डिलन तिथं यायचा आणि तळघरात सगळे मिळून वाजवायचे. ऐकायला कोणी नाही, तिकीट नाही. हडसननं टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. शंभरावर गाणी त्यांनी तिथं रेकॉर्ड केली. भिंती सिमेंटच्या, मोठ्यानं वाजवलं की कानाला त्रास व्हायचा, म्हणून सगळे हळू वाजवायला लागले. दुसऱ्याचा आवाज आपल्या वाद्याच्या वर ऐकू आला पाहिजे, अशा बेतानं. लेव्हॉनही परत आला. आणि १९६८ च्या १ जुलैला त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम निघाला, ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’.

तो मी कितीदा ऐकला असेल. इंग्रजी मला अर्धंमुर्धं समजते, पण वाजवणं समजते. त्यात कोणी पुढं येऊन बसलेलं नाही. गाणारे तिघं आहेत, लेव्हॉन, डँको आणि मॅन्युएल. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा ती उचलतो, तिसरा खालून सूर धरतो. आपल्या दंडारीतले झीलकरी धरतात तसा. गिटारवाल्याला लांबलचक वाजवून दाखवायची हौस नाही. हडसनचा ऑर्गन कुठं सुरू झाला हे लक्षात येत नाही, पण काढून घेतला तर गाणं कोसळेल. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागं वाजवून जे अंगी आलं होतं, तेच त्यांनी एकमेकांसाठी वापरलं. पाच साथीदार आणि पुढं रिकामी जागा.

मला पेटीवर बसून हेच करायला आवडते. बुवा ओळ टाकतात, मंडळी उचलतात, मधल्या जागेत काय भरायचं ते मला कोणी सांगत नाही. बुवांचा दम संपत आला की मी भाता हलका करतो अन् पुढचा सूर अगोदरच दाबून ठेवतो, म्हणजे त्यांना तो शोधावा लागत नाही. समोरच्या सतरंजीवर बसलेल्यांना यातलं काही कळत नाही. बुवांना कळते. तू लहानपणी प्रार्थनेला खंजिरी घेऊन माझ्या डाव्या हाताला बसायचीस. पावसाळ्यात कातडं सैल पडलं की चुलीपाशी शेकून आणायचीस आणि नेमकं बुवांच्या श्वासावर थाप थांबवायचीस. ते तुला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून सांगतो, स्वतःचं काम म्हणजे आता आपल्यापैकी कोणीतरी सरांसारखं पुढं उभं राहायचं, असं समजू नका. तुमच्यात कोणाचा गळा मोठा नाही म्हणून तुम्ही अडून बसला आहात, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. गायक बाहेरून आणायच्या गोष्टी करू नका. आपल्याकडचंच पाहा. संतूरवाले शिवकुमार शर्मा आणि बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचे. ‘गाइड’मधल्या ‘मोसे छल किए जाए’ला तबला शिवकुमारांचा आहे, किती जणांना माहीत असते? त्याच दिवसांत, १९६७ मध्ये, त्यांनी गिटार वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांबरोबर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ केला. शब्द नाहीत, गायक नाही. काश्मीरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या रागापासून रात्रीपर्यंत. तो करून ते सिनेमातून उठून गेले नाहीत. वाजवत राहिले, आणि पुढं १९८१ मध्ये शिव-हरी या नावानं ‘सिलसिला’चं संगीतच त्यांचं होतं.

आता सरांचं. ‘बिग पिंक’च्या मुखपृष्ठावरचं चित्र डिलननं काढलं आहे. आतल्या अकरा गाण्यांपैकी तिनांत त्याचा हात आहे. पण त्यानं त्यात वाजवलं नाही की गायलं नाही. १९७४ मध्ये तोच डिलन आणि तेच पाच जण पुन्हा दौऱ्यावर गेले, तेव्हा कार्यक्रमाच्या मधोमध त्यांची स्वतःची गाणी होती आणि दौऱ्यातून निघालेल्या अल्बमवर दोघांचीही नावं. मोठ्या माणसाला हे जमते. तुझे सर मोठेच आहेत, दोनदा घरी जेवून गेलेला माणूस आहे, मी पाहिला आहे त्यांना. आडून कळण्याआधी तुम्ही चौघांनी मिळून जाऊन सांगा. परवानगी मागू नका, खबर द्या, आणि पहिलं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा. सरांच्या गाण्यांत तुम्ही बसवलेले तुकडे मात्र त्यांना विचारल्याशिवाय उचलू नका.

एका गोष्टीत मी ऐकून घेणार नाही. कोणी काय केलं ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. ‘बिग पिंक’वर गाणी रचणारा म्हणून मॅन्युएलचं नाव आहे, रॉबर्टसनचं आहे, एका गाण्यावर डिलनबरोबर डँकोचं आहे. तिसऱ्या अल्बमनंतर मॅन्युएलचं नाव जवळजवळ दिसेनासं झालं आणि रॉबर्टसनचं सगळीकडं. लेव्हॉननं १९९३ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं की गाणी सगळ्यांनी मिळून घडवली, नावं मात्र तशी लागली नाहीत. रॉबर्टसनचं म्हणणं की गाणी त्यानं लिहिली. दोघंही मनापासूनच बोलत असतील. गाणं रचणं कुठं संपते आणि बसवणं कुठं सुरू होते हे त्या खोलीत बसलेल्यालाही सांगता येत नाही. पण कागदावर नाव लागते ते एकाचं, आणि पैसा त्या नावामागं जातो. इतक्या हळू, इतक्या मायेनं एकमेकांचं ऐकणारे लोक, आणि त्यांच्यात ही कायमची फट पडली. मला ते फार लागलं.

आपल्याकडं २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. तेव्हापासून सिनेमाच्या गाण्याचे शब्द आणि चाल ज्याची, त्याचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. चांगला कायदा आहे, पण तो ज्याचं नाव लागलं त्यालाच कामाचा. तू ठेका बदलला आणि त्यामुळं चालच बदलली, तर ती चाल कोणाची? हे चहा पिता पिता ठरवून टाका, भांडण नसताना. एक वही ठेवा. तारीख, गाणं, कोणी काय आणलं, खाली चौघांची सही. बटईच्या वावराचा कागद भाऊ-भाऊ असले तरी करतो ना आपण.

तुझ्या आईची एक वेगळी चिंता आहे, तीही लिहितो, नाहीतर मी लपवली म्हणेल. तिला वाटते पोरगी शिकली, आणि हे वाजवण्याचं किती दिवस पुरणार. त्यावर मी तिला हडसनची गोष्ट सांगितली. तो शिकलेला माणूस. या टोळीत जायला तो तयार झाला तो एका अटीवर, की बाकीच्यांनी संगीत शिकवण्याचे म्हणून आठवड्याला दहा दहा डॉलर द्यायचे, म्हणजे पोरानं शिक्षण वाया घालवलं असं आईबापांना वाटणार नाही. आईला ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या काकूंना ती गोष्ट सांगितली.

आणि ‘बिग पिंक’च्याच आतल्या घडीत एक मोठा फोटो आहे, तो तुझ्या भावानं मला मोबाइलवर काढून दाखवला. कॅनडातल्या एका शेतावर पाचही जण उभे, आणि भोवती त्यांचे आईबाप, आज्या, लेकरं, सगळं गणगोत. लेव्हॉनचे आईबाप तेवढे अर्कान्साहून येऊ शकले नाहीत, म्हणून त्यांचा वेगळा फोटो कोपऱ्यात लावला आहे. तुझी आई तो फोटो बराच वेळ पाहत होती.

अल्बममध्ये काय घ्यायचं, हा तुमचा प्रश्न उरला. सरांच्या धाटणीची गाणी करू नका, ती सर करतात. लेव्हॉनला उतारवयात घशाचा कॅन्सर झाला, आवाज गेला. तो हळूहळू परत आला तेव्हा २००७ मध्ये त्यानं ‘डर्ट फार्मर’ नावाचा अल्बम केला. त्यात आईबापांकडून शिकलेली जुनी गाणी घेतली. सोबत त्याची मुलगी एमी होती आणि लॅरी कॅम्पबेल होता, तोही बरीच वर्षं डिलनच्या मागं वाजवलेला. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. तो आवाज चिरका आहे, खरखरीत आहे, आणि मला त्याच्या तरुणपणच्या आवाजापेक्षा तोच आवडतो.

आजीकडं भुलाबाईची गाणी आहेत. तू टिपऱ्या घेऊन नाचायचीस ती पाच-सहाच तुला माहीत आहेत. तिच्याकडं त्याहून पुष्कळ आहेत. जात्यावरच्या ओव्या आहेत, आणि कापूस वेचताना बाया म्हणायच्या ती गाणी आहेत. ती आता कोणी म्हणत नाही, कारण वेचणीला आलेल्या बाया आता मोबाइलवर गाणी लावतात. परवा सहज विषय निघाला तर आजीनं एक गाणं पूर्ण म्हटलं. मधला ठेका असा मोडला की मी पेटीवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. साडेपाच मात्रांवर ओळ संपवते ती, आणि तिला विचारलं तर म्हणते, अशीच आहे. बोटांवर मोजून पाहिलं, प्रत्येक वेळी तिथंच संपते. तुझ्याशिवाय हे कोणाला बसवता येईल असं मला वाटत नाही.

तर कोजागिरीच्या आत ये. तोवर भुलाबाई बसलेली असते आणि गल्लीतल्या पोरीही जमतात. तिघांनाही आण. सोयाबीन सोंगून होईल, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असेल, पण वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाल्याशिवाय घाई नसते. बास गिटारवाल्याला तिखट चालत नाही हे आईनं लक्षात ठेवलं आहे. आजीचा गळा सकाळी आठ-साडेआठपर्यंत मोकळा असतो, नंतर ती बोलतही नाही, म्हणून माइक आदल्या रात्रीच लावून ठेवावा लागेल. माजघरात लावा, बाहेर कोंबड्या अन् पाण्याची मोटर. दुपारी लाइट जाते, बॅटरी भरून आणा.

आणि त्या वहीत आजीचंही नाव लिहायचं. गाणी जुनी आहेत, पण दोन-तीन चाली तिनं स्वतः फिरवलेल्या आहेत, मी तिच्या तोंडून दोन्ही तऱ्हा ऐकल्या आहेत. कोणत्या, ते ती तुला सांगेल. मी विचारलं तर लाजते.

तुझे
बाबा