खो-खोचा खांब पायरीखाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर चार कॉलमी फोटो आणि ‘क्रीडासंस्कृती रुजवणारा चषक’ हे शीर्षक वाचलं. फोटोत साहेब बॅट घेऊन उभे आहेत, समोरून कुणीतरी अक्षता टाकाव्यात तसा हलकेच चेंडू टाकतंय. साहेबांनी तो सीमापार धाडला, असं तुमचे वार्ताहर लिहितात. मी तिथं होतो. चेंडू साहेबांच्या बुटाला लागला.

त्या मैदानावर मी बावीस वर्षं मुलींना खो-खो शिकवतोय. शाळेतून निवृत्त झालो तरी संध्याकाळी साडेपाचला शिट्टी घेऊन जातोच. चषकाच्या चार दिवस आधी गेलो, तर आमचे दोन्ही खांब जागेवर नाहीत. शोधाशोध केली. एक मंडपवाल्याच्या टेम्पोमागे पडलेला, दुसरा व्यासपीठाच्या पायरीखाली टेकू म्हणून लावलेला. “सर, पायरी हलत होती,” कार्यकर्ता म्हणाला. मुलगा चांगला आहे, माझाच विद्यार्थी, म्हणून जास्तच लागलं. उद्घाटनाला साहेब त्याच पायरीवरून वर चढले आणि ‘मातीतल्या खेळांना बळ’ या विषयावर वीस मिनिटं बोलले.

पुढचे अकरा दिवस आम्ही सगळ्यांनी ऐकले, बघण्याचा प्रश्नच नव्हता. कॉमेंट्री करणाऱ्याला चेंडूपेक्षा पाहुण्यांची काळजी. “तरुण, तडफदार, कार्यसम्राट अशा आपल्या लाडक्या भाऊंचं आगमन झालेलं आहे, सामना थोडा थांबवूया!” मग शाल, श्रीफळ, फोटो. फलंदाज तोवर बॅटवर रेलून मोबाइल बघतो. आठ षटकांच्या एका डावात मी सहा सत्कार मोजले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा नियम २००० सालापासून आहे म्हणे. पावणेबाराला तक्रारीसाठी फोन लावला, तर पलीकडूनही तीच कॉमेंट्री ऐकू येत होती.

मी क्रिकेटचा वैरी नाही. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवरची फायनल बघण्यासाठी मीच सराव बुडवला होता, आणि धोनीच्या त्या षटकारानंतर सोसायटीच्या जिन्यात नाचलोही होतो. पण क्रिकेटचं वेड आपलं आणि मैदान त्यांचं, हे कधी ठरलं? मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत २००१ मध्ये अजित वाडेकर हरले, शरद पवार जिंकले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर हरले, विलासराव देशमुख जिंकले. वाडेकर म्हणजे १९७१ ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून आलेले कर्णधार! तिथं त्यांची ही गत, तर आमच्या खांबाला कोण विचारतो?

राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत २०२२ ला संपली, पुढं वर्षानुवर्षं प्रशासकांचा कारभार चालला. नगरसेवक नाही म्हणून आमच्या गल्लीत एकानंही आवाज चढवला नाही. संघातून अमक्याला का वगळलं यावर मात्र रोज सकाळी पारावर हमरीतुमरी. त्याच काळात चषकांचं पीक आलं. पद नसलं तरी चषकावर नाव घालता येतं ना!

चषक संपला. मंडपाचे खड्डे तसेच आहेत. परवा पाठलाग करताना आमच्या सर्वांत चपळ मुलीचा पाय त्यातल्या एकात गेला आणि घोटा सुजून टम्म झाला. जिल्हा स्पर्धा नऊ दिवसांवर आहे. आयोजकांना फोन केला, तर “सर, पुढच्या वर्षी तुमचाही सत्कार ठेवू” असं उत्तर मिळालं.

आणि आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या मुलींनी गेल्या महिन्यात तालुका जिंकला, तेव्हा तुम्ही मोटारीच्या जाहिरातीखाली फोटो छापलात, आभारी आहे. त्याखालची ओळ होती ‘कबड्डीचा थरार’. फोटोत आमची मुलगी खांबाला वळसा घालतेय. कबड्डीत खांब कुठला असतो, हे क्रीडा विभागाला एकदा विचारून कळवावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, पण छापू नये. उद्या साडेपाचला मला त्याच मैदानावर जायचंय.)