नुसता व्हायब्रेशनचा आकडा बघून काय कळणार?

संपादक साहेब,
मशीन थरथरलं की लगेच बेअरिंग बदला म्हणणारे खूप, पण थरथर कुठल्या फ्रिक्वेन्सीला (म्हणजे सेकंदाला किती वेळा) आहे ते कोण बघतंय? १५०० आरपीएमची मोटर म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्या, सेकंदाला २५, म्हणजेच २५ हर्ट्झ, तिथेच ग्राफमधलं टोक (पीक) उंच असेल तर बहुतेक रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचा, बॅलन्स गेलाय, आणि दुप्पट म्हणजे ५० ला दिसत असेल, शाफ्टच्या दिशेनेही रीडिंग जास्त येत असेल तर आधी कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते तपासा ना. बेअरिंगचा दोष असा फेऱ्यांच्या पूर्ण पटीत बसत नाही, साडेतीन पट वगैरे कुठेतरी मधेच उगवतो, सुरुवातीला तर मिलिमीटर पर सेकंदचा (थरथरीच्या वेगाचा) आकडा हलतसुद्धा नाही, अ‍ॅक्सिलरेशनमध्येच (तो वेग किती झपाट्याने बदलतो त्यात) कळतं. आणि हो, सेन्सर दर वेळी त्याच जागी, बेअरिंग हाउसिंगवर लावा, पत्र्याच्या कव्हरवर नको, नाहीतर मागच्या रीडिंगशी तुलना कसली करताय!
– एक मेंटेनन्सवाला